साइट नळीवर की बॉडीवर?

मागच्या टर्मला शूटिंग टीमच्या निवडीत मी बाद झालो. सरावात २५ मीटरवर माझं ग्रुपिंग चांगलं येत होतं. निवडीच्या दिवशी मात्र पहिल्या दोन गोळ्या डावीकडे गेल्या. माझाच ट्रिगर चुकतोय असं समजून तिसरी मी मुद्दाम उजवीकडे धरली, चौथी आणखी कुठेतरी. शेवटी टार्गेटवर ग्रुप असा उरलाच नाही.

नंतर उस्तादांकडून कळलं, की आदल्या दिवशी त्या .२२ रायफलचा लाकडी भाग सफाईसाठी काढून परत बसवला होता. स्क्रू कमी-जास्त आवळले गेले, तरी मार सरकतो. पाचही गोळ्या एकाच जागी धरल्या असत्या, तर एमपीआय काढून साइट दुरुस्त करता आली असती.

तेव्हा मनात प्रश्न आला : जी रायफल दरवेळी खोलूनच नेतात, तिचं झिरो टिकतं कसं?

अशा रायफलला टेकडाउन म्हणतात. अमेरिकेत यूजीन स्टोनर यांनी तयार केलेली एआर-७ तर अशी, की तिची नळी, बॉडी आणि मॅगझिन बटाच्या पोकळीतच मावतात. रुगर कंपनीची १०/२२ टेकडाउन २०१२ साली आली. तिची नळी बॉडीत घालून फिरवली की अडकते.

आता गणित पाहू. समजा, नळी बॉडीत ५० मिलिमीटर आत बसते आणि त्या जोडात ०.०५ मिलिमीटर ढिलाई आहे. म्हणजे हजारात एक इतका कल. २५ मीटरवर गोळी २५ मिलिमीटर सरकेल, ५० मीटरवर ५० मिलिमीटर. केसाएवढ्या फटीमुळे टार्गेटवर अंगठ्याएवढा फरक!

साइट बसवण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला : फोरसाइट आणि बॅकसाइट दोन्ही नळीवर. १०/२२ टेकडाउनच्या मूळ साइट अशाच असतात. नळी कलली तर दोन्ही साइट तिच्याबरोबर कलतात. म्हणून झिरो जवळजवळ तसंच राहतं. तोटा असा, की दोन साइटमधलं अंतर कमी पडतं. अंतर जितकं कमी, तितकी नेम धरण्यातली बारीक चूक टार्गेटवर मोठी होते.

दुसरा : पीप साइट बॉडीवर, फोरसाइट नळीवर. एआर-७ मध्ये हेच आहे. पीप जोडाच्या १० सेंटिमीटर मागे आणि फोरसाइट ४० सेंटिमीटर पुढे धरली, तर नेमाची रेषा नळीच्या कलाच्या चार-पंचमांश कलते. चूक एक-पंचमांशच उरते, म्हणजे आपल्या उदाहरणात २५ ऐवजी ५ मिलिमीटर. शिवाय पीपमधून पाहणं आपल्या सवयीचं आहे.

तिसरा : दुर्बीण किंवा रेड डॉट बॉडीवर. नेम धरणं सोपं, पण नळीचा कल दुर्बिणीला कळतच नाही, त्यामुळे सगळी चूक टार्गेटवर उतरते. म्हणून इथे जोड घट्ट हवा. १०/२२ टेकडाउनमध्ये त्यासाठी ढिलाई काढणारी फिरकी दिलेली आहे. दुर्बीण घ्यायचीच तर रिमफायरसाठी बनवलेली घ्यावी. तिचा पॅरॅलॅक्स साधारण ५० यार्डांसाठी जुळवलेला असतो, मोठ्या रायफलच्या दुर्बिणीचा त्याहून लांबच्या अंतरासाठी.

मला विचाराल तर पिशवीतून न्यायच्या रायफलवर मी नळीवरच्याच साइट ठेवीन. रेंजवर एकाच जागी कागदावर मारायचं असेल, तर दुर्बीण.

कोणतीही साइट असो, परीक्षा एकच. पाच गोळ्या मारा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती खोला, जोडा, पुन्हा पाच मारा. असं तीनदा करून तिन्ही ग्रुपचे एमपीआय ताडून पाहा. एका गोळीवरून निकाल देऊ नका. आणि ग्रुप सरकला तरी मधेच नेम बदलू नका.

हे शेवटचं वाक्य मला टीममधल्या जागेच्या किमतीला मिळालं आहे. पुढच्या निवडीत पाचही गोळ्या मी एकाच जागी धरणार, मग त्या कुठेही लागोत.