कॅमेरा बघतो, पण ऐकतं कोण?

"ताई, आता पोरींची काळजी मिटली बघा. कॉलेजात कॅमेरे बसलेत!"

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला शेजारच्या वहिनींनी ही बातमी सांगितली आणि ओसरीवरच्या सगळ्या जणींना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू? आमच्या तीर्थपुरीच्या आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली शिकण्यासाठी रोज घराबाहेर पडतात. कुणी एसटीनं, कुणी काळीपिवळीनं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ऊस. मुलगी परत येईपर्यंत आईचा जीव टांगणीला लागलेला असतो.

पुढच्याच महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली. तालुक्याबाहेरच्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मोटारसायकलवरचा एक जण स्टँडपासून फाटकापर्यंत रोज तिच्या मागं येई. ती नको म्हणाली तरी येई. एकदा तर त्यानं फाटकातच तिचा हात धरला. मी म्हटलं, "अगं, फाटकावर कॅमेरा आहे ना? मग घाबरतेस कशाला?"

आम्ही दोघी कॉलेजच्या कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं यंत्र उघडून दाखवलं. हात धरल्याला दीड महिना झाला होता आणि यंत्रात चित्रण होतं फक्त मागच्या पंधरा दिवसांचं!

यात कुणाची लबाडी नव्हती. साठवणाऱ्या यंत्रातली जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं चढतं. कुठे पंधरा दिवस राहतं, कुठे महिनाभर. वीज गेली आणि बॅटरीची सोय नसली तर तेवढा वेळ काहीच टिपलं जात नाही. कॅमेरा बिचारा बघतो सगळं, पण त्याची आठवण फार थोडी.

"इतके दिवस गप्प का बसलीस गं?" मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "आईला कळलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. मग लगेच स्थळं बघायला सुरुवात."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कॅमेऱ्यात पंधरा दिवसांचा पुरावा राहतो आणि आपल्या धाकानं मुलगी दीड महिना तोंड उघडत नाही. मग तो कॅमेरा कुणाच्या कामाचा?

बदलापूरचं आठवा. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि सगळा महाराष्ट्र हादरला. शाळेचं पंधरा दिवसांचं चित्रण गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं. सरकारनं त्याच महिन्यात सगळ्या शाळांना कॅमेरे सक्तीचे केले आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावं, असंही बजावलं. म्हणजे कॅमेरा लावणं पुरेसं नाही, तो कुणीतरी बघायला हवा, हे सरकारलाही सांगावं लागलं. पण त्या मुलींचं दुःख आधी कळलं ते घरच्यांना, कारण घरच्यांनी त्यांचं ऐकून घेतलं.

महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका, सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया, एक सदस्य संस्थेबाहेरची आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची, चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. त्रास देणारा बाहेरचा असेल तर पोलिसांकडे जायचंच. मुलगी नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं ७८ वं कलम त्यासाठीच आहे.

काही गोष्टी आपण आयांनी लक्षात ठेवाव्यात. काही घडलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, प्राचार्यांना लेखी अर्ज द्यायचा. तारीख, वेळ, जागा लिहायची आणि 'हे चित्रण पुसू नये, जपून ठेवावं' असं स्पष्ट म्हणायचं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. पडद्यावरचं चित्र मोबाइलमध्ये टिपून गावभर पाठवायचं नाही. त्यात आपल्याच लेकीची बदनामी, आणि कोर्टात लागणारं प्रमाणपत्रही त्याला नसतं. पालकसभेला गेलात तर विचारा: चित्रण किती दिवस राहतं? ते कोण बघतं? मुलींच्या स्वच्छतागृहाकडे किंवा कपडे बदलायच्या खोलीकडे एखाद्या कॅमेऱ्याचं तोंड नाही ना? सुरक्षेच्या नावाखाली कुणी मुलींना न्याहाळत बसू नये, हेही आपणच बघायला हवं. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक लेकीला पाठ असू द्या.

त्या मुलीच्या आईशी मी दोन तास बोलले. आधी ती रडली, मग चिडली, शेवटी म्हणाली, "माझ्या पोरीची चूक नाही, तर तिचं शिक्षण का बंद करू?"

तीन आठवड्यांनी तो पुन्हा फाटकाशी आला. या वेळी मुलीनं त्याच संध्याकाळी, चुलीपाशी बसून, आईला सगळं सांगितलं. सकाळी मायलेकी अर्ज घेऊन कॉलेजात हजर! चित्रण जागेवर होतं. ते पोलिसांकडे गेलं, त्याला बोलावणं आलं. त्यानंतर तो त्या रस्त्याला दिसलेला नाही. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे.

कॅमेरा तोच होता, फाटकही तेच. या वेळी आईनं ऐकून घेतलं होतं. आज संध्याकाळी तुमची लेक घरी आली की तिला पाणी द्या, जवळ बसवा आणि विचारा, "आज काय काय झालं गं?" आणि ती सांगेल ते ऐकून घ्या. 'उद्यापासून जाऊ नकोस' एवढं मात्र म्हणू नका.