घरी ठेवलेल्या सायकलींचे रक्षण

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक लहान खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, कोठे सातवीपर्यंत असते. पुढील शिक्षणासाठी मुलामुलींना दुसऱ्या गावची वाट धरावी लागते. ही वाट धानाच्या बांध्यांतून आणि पुष्कळदा जंगलातून जाते. अशा ठिकाणी सायकल ही चैनीची वस्तू नसून पाटी-पुस्तकाइतकेच ते शिक्षणाचे साधन होय. हे जाणूनच मानव विकास कार्यक्रमाने राज्यातील १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान देण्याची योजना आखली. हे अनुदान मुलीस एकदाच मिळते. सायकल गेली तर शासनाकडून दुसरी मिळत नाही, आणि मजुरीवर चालणाऱ्या घरास ती लगेच घेणे शक्य नसते. म्हणून मिळालेली सायकल कशी राखावी, याचा विचार प्राथमिक शिक्षकांनीही केला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेला एक प्रसंग येथे सांगणे उपयुक्त होईल. नववीतील एका मुलीची सायकल घराच्या छपरीत उभी असे. मागच्या चाकाचे कुलूप ती नेमाने लावी. हिवाळ्यात शेजारच्या गावी नाटक होते, म्हणून घरची सर्व मंडळी रात्रभर तिकडे गेली. सकाळी येऊन पाहतात तो छपरी रिकामी! पुढे महिनाभराने पोलिसांनी काही सायकली जप्त केल्याचे कळले, तेव्हा मुलीचे वडील ओळख पटविण्यास गेले. तेथे एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या तीन सायकली उभ्या होत्या. “यांतली तुमची कोणती?” या प्रश्नास त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. पावती हरवलेली, क्रमांक कोणी पाहिलेला नाही, खूण केलेली नाही. ते रिकाम्या हातांनी परतले. मुलगी काही दिवस चार किलोमीटर चालत गेली. होळीनंतर तिचे नाव हजेरीपटावर होते, पण ती वर्गात नव्हती.

या प्रसंगात चोराची करामत फारशी नाही. दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. सायकल कशालाही जखडलेली नव्हती, आणि ती कोणाची हे सिद्ध करण्याचे साधन नव्हते. त्या दोन्ही गोष्टी अल्प खर्चात साधण्याजोग्या आहेत.

सायकल कोठे ठेवावी

पुष्कळांची अशी समजूत असते की, सायकल अंगणात आली म्हणजे ती सुरक्षित झाली. वास्तविक बाजारात सायकल आपण तास-अर्धा तास सोडतो व तिच्यावर डोळा ठेवतो. घरी मात्र ती रोज रात्रभर एकाच जागी, कोणाचे लक्ष नसता उभी असते. ती जागा येणाऱ्या-जाणाऱ्यास ठाऊक असते, आणि घर केव्हा रिकामे असते हेही माहीत असते.

शक्य असेल तेथे रात्री सायकल घराच्या आत घ्यावी. जागेच्या अडचणीमुळे ती छपरीत ठेवावी लागली, तर रस्त्यावरून दिसणार नाही अशा बाजूस ठेवावी. कुंपणाजवळ किंवा गोठ्याच्या उघड्या टोकास ती ठेवू नये.

ती कशास बांधावी, हा प्रश्न कुलपाहून महत्त्वाचा आहे. आपल्याकडील अनेक घरे कुडाच्या भिंतींची व बांबूच्या खांबांची आहेत. बांबूचा खांब कोयत्याच्या चार घावांत तुटतो. कुंपणाचा खुंटा वरून मोकळा असल्यास साखळी कुलपासकट वर सरकवून काढता येते. म्हणून छपराचा भार पेलणारी, वर आढ्यास व खाली जमिनीत पक्की बसलेली सागवानाची किंवा ऐनाची मेढ निवडावी.

अशी मेढ नसेल तर पुढील उपाय करावा. छपरीत कोपऱ्याशी दीड फूट खोल खड्डा घ्यावा. तो तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद असावा. बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी सळईची कडी वाकवून, तिची दोन्ही टोके खाली फाकवून, खड्ड्यात सिमेंट, वाळू व गिट्टीच्या मिश्रणात बसवावी. कडीचा वाकलेला भाग तेवढा वर राहू द्यावा. सिमेंटवर आठवडाभर पाणी मारावे. खड्डा तळाशी रुंद असल्याने हा ठोकळा वर ओढून निघत नाही. घरकुलाचे काम चालू असेल तर जोत्यातच अशी कडी बसविण्यास गवंड्यास सांगावे. त्या वेळी तिचा खर्च नाममात्र येतो.

कुलूप कसे लावावे

मागच्या चाकास बसविलेले गोल कुलूप चाक फिरू देत नाही, एवढेच त्याचे कार्य. साधी सायकल पंधरा ते वीस किलो वजनाची असते; धट्टाकट्टा मनुष्य ती खांद्यावर टाकून सहज नेऊ शकतो. म्हणून त्या कुलपाच्या जोडीला साखळी व स्वतंत्र कुलूप हवेच. साखळी केवळ पुढच्या चाकातून ओवणे व्यर्थ आहे, कारण ते चाक पान्याने सुटते आणि बाकीची सायकल नेता येते. साखळी मागच्या चाकातून, सांगाड्याच्या नळीभोवतून आणि मेढीभोवतून किंवा जमिनीतील कडीतून न्यावी.

साखळी सैल लोंबू देऊ नये व जमिनीवर टेकू देऊ नये. ती जमिनीवर पडलेली असली की दगडावर ठेवून घणाने तोडणे सोपे जाते. कुलपाचे किल्लीचे छिद्र खालच्या अंगास ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा कुलपात तेलाचे दोन थेंब सोडावेत. गंजलेले कुलूप उघडेनासे झाले की मुले ते लावणेच सोडून देतात, आणि चोरीस वाट मोकळी होते. दुसरी किल्ली वळचणीत किंवा तुळशीच्या कुंडीखाली ठेवू नये. ती जागा साऱ्या गावास ठाऊक असते!

घर रिकामे असण्याचे दिवस

आपल्या भागात घरे रिकामी राहण्याचे दिवस ठरलेले आहेत. मोहफुले वेचण्यास माणसे पहाटेच बाहेर पडतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात सारे कुटुंब जंगलात असते. मिरची तोडण्यासाठी कित्येक कुटुंबे काही आठवड्यांकरिता तेलंगणात जातात. दिवाळीनंतर मंडई भरते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तोपर्यंत उन्हाळ्याच्या सुटीत सायकल कित्येक आठवडे पडून राहते.

एका रात्रीसाठी जावयाचे असल्यास शेजारच्या घरी सांगून जावे. दोन घरांच्या सायकली एकाच छपरीत, एकीचे तोंड दुसरीच्या मागच्या चाकाकडे करून, एकाच साखळीत बांधल्यास त्या उचलून नेणे फार कठीण होते. अधिक दिवसांसाठी जावयाचे असल्यास सायकल नातलगांकडे ठेवावी, किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने शाळेच्या कुलूपबंद खोलीत ठेवण्याची सोय करावी. बैठक व पायडल काढून ठेवल्यास सायकल चालविता येत नाही. मात्र डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवावे. ते नेहमीच्या उलट दिशेने फिरविल्यासच सुटते.

रात्री खडखडाट कानी आल्यास एकट्याने अंधारात चोराच्या मागे धावू नये. आपल्या जिल्ह्यांत गावाच्या शिवेपर्यंत वाघ, बिबट व अस्वल येतात. आरोळी द्यावी, दिवा लावावा, शेजाऱ्यांस जागे करावे. साखळीस खडे घातलेला पत्र्याचा डबा टांगला तर ती हलताच आवाज होतो. सायकल पुन्हा मिळेल. गेलेला जीव मिळत नाही.

सायकलीची ओळख

प्रत्येक सायकलीच्या सांगाड्यावर कारखान्यात एक क्रमांक ठोकलेला असतो. तो बहुधा बैठकीखालच्या उभ्या नळीवर, किंवा पायडलांचा आस ज्या नळीत फिरतो तिच्या खालच्या अंगास आढळतो. चिखल व तेलकट मळ रॉकेलच्या बोळ्याने पुसल्यास तो स्पष्ट होतो. मुलांकडून हे काम असे करून घ्यावे : क्रमांकावर पातळ कागद धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासावी, आकडे कागदावर उमटतात. कागदावरील ठसा व वाचलेला क्रमांक ताडून पाहिला म्हणजे चूक राहत नाही.

एके काळी अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि धातूचा बिल्ला देत. कर नकोसा वाटे, परंतु त्या निमित्ताने सायकलीची नोंद कोठेतरी राहत असे. कर गेला आणि नोंदही गेली. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. त्यामुळे सापडलेली सायकल कोणाची, हे क्रमांकावरून ठरविता येते. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण एका वहीने शाळा हे काम करू शकते.

याशिवाय एक गुप्त खूण करावी. मुलीचे नाव, गाव व शाळा लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून बैठकीखालच्या नळीत सोडावी. रंग बदलला, घंटी बदलली, तरी ही चिठ्ठी बोलते. खरेदीची पावती शाळेत द्यावी लागत असल्यास तिची एक प्रत घरी जपून ठेवावी, आणि सायकलीचे मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावे.

चोरी झालीच तर

त्याच दिवशी पोलीस पाटलांना कळवावे व नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा पोलीस मदत केंद्रात जावे. सोबत पावती, क्रमांक व छायाचित्र न्यावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आहे. तिच्या कलम ३०३ खालील साध्या चोरीत वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असल्यास गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांस तपास करता येत नाही. राहत्या घरातून झालेली चोरी मात्र कलम ३०५ मध्ये येते. तो गुन्हा दखलपात्र असून त्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. म्हणून सायकल नेमकी कोठे उभी होती आणि तिची किंमत किती होती, हे तक्रारीत जसेच्या तसे, खरे लिहावे. प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदारास विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

चोरीचा माल आहे हे जाणून तो घेणाराही कलम ३१७ प्रमाणे गुन्हेगार ठरतो. आठवडी बाजारात फारच स्वस्त मिळणाऱ्या सायकलीची पावती विचारावी, एवढे मुलांस अवश्य शिकवावे.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी विशेष जपावी. चोरी झाली की गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्या भटक्या कुटुंबांकडे बोट दाखविण्याची खोड अजून गेलेली नाही. जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदा १९५२ साली रद्द झाला. पुराव्यावाचून संशय घेणे हाही अन्यायच आहे, आणि त्या पालांतील मुलेही आपल्याच शाळेतील आहेत.

शिक्षकांनी करावयाचे काम

सातवीच्या वर्गाच्या अखेरीस एक तास या विषयास द्यावा. पुढे आठवीत जाणाऱ्या मुलींच्या पालकांस सायकल घेतल्यावर क्रमांक शाळेत नोंदविण्यास सांगावे. वहीत मुलीचे नाव, सायकलीची बनावट, रंग, क्रमांक व खरेदीची तारीख असे पाच रकाने पुरेत. गावातील इतर सायकलींची नोंदही हौसेने करावी. मुलांना मोजमाप व लेखन यांचा तो उत्तम पाठ होईल. वहीची एक प्रत पोलीस पाटलांकडे द्यावी.

आणि इतके करूनही एखाद्या मुलीची सायकल गेली, तर पहिल्या आठवड्यातच तिच्या घरी जावे. त्याच वाटेने जाणाऱ्या मैत्रिणीच्या सायकलीवर, मानव विकास कार्यक्रमाच्या बसने, किंवा आळीपाळीने मुलीस पोहोचविणाऱ्या पालकांबरोबर ती शाळेत कशी येईल, हे त्याच भेटीत ठरवावे. चार दिवसांची गैरहजेरी भरून निघते. चार महिन्यांची निघत नाही. सायकल चोरीस जाणे हे त्या घराचे नुकसान होय. परंतु तिच्याबरोबर मुलीचे शिक्षणही गेले, तर ते नुकसान आपल्या शाळेचेही होय.