पवना तलावावर जाऊन आल्यावर डोकं खरंच हलकं होतं का?

मागच्या हिवाळ्यात आम्ही लॅबमधले चौघं आणि चिकू असे पवना तलावावर गेलो होतो. चिकू म्हणजे माझ्या मैत्रिणीची गावठी कुत्री. शनिवारी रात्री तलावाकाठी तंबूत मुक्काम आणि रविवारी पहाटे तिकोना, असा साधा बेत. पहाटे निघायचं कारण चिकूच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच शरीर थंड ठेवावं लागतं, आणि ऊन चढलं की सह्याद्रीचा काळा कातळ तिच्या पंजांना चटके देतो.

मी मात्र एक चूक केली. लॅपटॉप बरोबर घेतला. एका पेपरवर परीक्षकांचे शेरे आले होते आणि उत्तर द्यायला दहा दिवस उरले होते. रात्री बाकीचे शेकोटीपाशी आणि मी तंबूत. लिहून झाले जेमतेम दोन परिच्छेद. दुसऱ्या दिवशी गडावरून खाली पवनेचं पाणी दिसत होतं आणि माझ्या डोक्यात दुसऱ्या परीक्षकाचा चौथा मुद्दा घोळत होता. हॉस्टेलवर परत आले तेव्हा शुक्रवारपेक्षा जास्त थकलेली होते. बाकीचे तिघं टवटवीत. चिकू तर विचारूच नका.

तुम्ही संशोधनात यायची तयारी करत असाल, तर हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे: शनिवार-रविवार लॅब सोडून डोंगरात गेलं तर वेळ वाया जातो की फायदा होतो? ‘निसर्गात मन ताजं होतं’ हे सगळेच म्हणतात. पण पुरावा काय? तो बघताना पेपर कसा वाचायचा तेही थोडं शिकून होईल.

यामागची मूळ कल्पना मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याची. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लक्ष दोन प्रकारचं असतं. एक आपण जोर लावून धरून ठेवतो, म्हणजे पेपर वाचताना किंवा पिपेटिंग करताना लागतं ते. ते वापरून दमतं. दुसरं आपोआप जातं: पाण्यावरच्या लाटा, ढग, झाडाची हलणारी पानं. यात मन रमतं पण दमत नाही, आणि तेवढ्या वेळात पहिल्याला विश्रांती मिळते.

ही कल्पना तपासायला २००८ मध्ये मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग केला. ३८ विद्यार्थ्यांना जवळपास तासभर चालायला पाठवलं, एकदा अॅन आर्बरच्या वृक्षोद्यानात आणि एकदा गावातल्या रहदारीच्या रस्त्यावर. आधी आणि नंतर चाचणी: आकडे ऐकायचे आणि उलटे म्हणायचे. ५-८-२ ऐकलं की २-८-५. झाडांमधून चालून आल्यावर ही कामगिरी स्पष्ट सुधारली, रस्त्यावरून आल्यावर तशी नाही. मला यातली मांडणी आवडते. तीच माणसं दोन्हीकडे गेली, चालणंही दोन्हीकडे होतं, म्हणजे फरक निव्वळ व्यायामाचा नाही. पण ३८ ही संख्या लहान आहे, हे विसरू नका.

आता दुसरा पेपर, २०१२ चा, रूथ अॅचली आणि डेव्हिड स्ट्रेयर यांचा. रानात कित्येक दिवस पायी भटकणारे ५६ जण, फोन-लॅपटॉप बंद. चाचणी अशी की तीन शब्द द्यायचे आणि तिघांशी जुळणारा चौथा शोधायचा. मराठीत करायचं तर बैल, आग, हात आणि उत्तर गाडी. निघण्याआधी ज्यांची चाचणी घेतली त्यांची दहापैकी सरासरी चार उत्तरं बरोबर आली. चौथ्या दिवशी रानात ज्यांची घेतली त्यांची सहा. बातम्यांत लगेच ‘निसर्गामुळे सर्जनशीलता ५० टक्के वाढते’ असं आलं.

पण थांबा. निसर्गामुळे, की फोन नसल्यामुळे? की झोप चांगली झाली म्हणून? या प्रयोगात हे सगळं एकत्र गुंडाळलेलं आहे, ते सुटं करता येत नाही, आणि लेखकांनी स्वतःच हे मान्य केलं आहे. शिवाय आधीचे आणि नंतरचे हे वेगवेगळे लोक होते.

तिसरा, २०१९ चा, इंग्लंडमधल्या जवळजवळ २० हजार लोकांचा. आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त सांगत होते. एकदम दोन तास की थोडं थोडं, याने फरक पडला नाही. संख्या भरपूर, पण हा प्रयोग नाही, पाहणी आहे. ज्याचे गुडघे दुखतात तो डोंगरात जाणारच नाही! मग डोंगरामुळे तब्येत, की तब्येतीमुळे डोंगर?

आणि चिकूचं काय? आमच्या सहलीत तीही एक गोंधळ घालणारा घटक आहेच. आम्हाला बरं वाटलं ते तलावामुळे की तिच्यामुळे? वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले गेले. पहिल्याने दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं. दुसऱ्याने रांगेत उभं राहून ते नुसतं पाहिलं. तिसऱ्याने त्याच प्राण्यांचे फोटो पाहिले. चौथा नुसता बसून राहिला. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, पहिल्या गटात सगळ्यांत कमी निघालं. गट कसे पाडले ते बघा. प्रत्येक गट एकेक शंका काढून टाकतो. कंट्रोल म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा या पेपरमधून जास्त कळलं.

आता माझ्या थकव्याकडे. तलाव होता, डोंगर होता, कुत्री होती. तरी उपयोग का झाला नाही? याचं उत्तर मला साबीने झोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञांच्या कामात सापडलं. त्या म्हणतात, कामाच्या जागेपासून शरीर दूर जाणं वेगळं आणि मनाने काम सुटणं वेगळं. थकवा भरून निघायला दुसरं लागतं. मी पवनेला गेले, पण लॅब बरोबर घेऊन.

मनाने काम सोडायचं कसं, यावर मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचा २०११ चा पेपर आहे. अर्धवट राहिलेलं काम वाचनात मध्येमध्ये डोकावतं. पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना ज्यांनी केली, त्यांच्यात हा त्रास दिसला नाही. लक्षात घ्या, काम पूर्ण झालेलं नव्हतं, फक्त योजना होती.

तेव्हापासून शुक्रवारी लॅबमधून निघताना मी वहीत लिहिते. ‘पेपर पूर्ण करणे’ असं मोघम नाही, तर ‘सोमवारी दहा वाजता, तिसऱ्या आकृतीचे एरर बार पुन्हा काढणे’ असं. फेब्रुवारीत परत तिकोन्याला गेलो, लॅपटॉप कपाटात. या वेळी चिकूचा पट्टा माझ्या हातात होता. वाटेत गुरं, कोंबड्या आणि एक अतिशय रागीट बकरी. पट्टा सांभाळताना परीक्षक आठवायला फुरसत नव्हती. रविवारी रात्री छान झोप लागली.

अर्थात, ही एकाच व्यक्तीवरची एकच चाचणी, आणि या वेळी शेऱ्यांची मुदतही उलटून गेलेली होती. तेव्हा माझ्या या निष्कर्षावरही तुम्ही वरचेच प्रश्न विचारा.