फोनवर दिसणारं नाव खरं कोणाचं?

१ जूनला बंदी लागते, ट्रॉलर जेटीला बांधले जातात, माणसं घरी आणि फोन हातात. मागच्या बंदीत आमच्या एका सभासदाला फोन आला, "तुमची डिझेलची सबसिडी अडकलीय, ओटीपी सांगा." स्क्रीनवर नाव होतं मत्स्य खात्याचं. वहिनींनी फोन हातातून ओढला म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन मला म्हणतात, "सेक्रेटरी, नाव तर खात्याचंच होतं!"

ते नाव दाखवलं अ‍ॅपने. अ‍ॅपला नाव कुठून मिळतं? लोकांनी तो नंबर ज्या नावाने सेव्ह केलाय तिथून. चार ठगांनी मिळून खात्याचं नाव टाकलं की झालं.

म्हणून ट्रायने २३ फेब्रुवारी २०२४ला सीनॅपची शिफारस केली. यात नाव अ‍ॅप नाही, फोन कंपनी दाखवते. कॉल आला की आपली कंपनी समोरच्याच्या कंपनीची नोंद तपासते आणि सिमच्या फॉर्मवरचं नाव स्क्रीनवर येतं. हे ४जी-५जीवर चालतं, जुन्या बटणाच्या २जी फोनवर नाही. व्हॉट्सअ‍ॅप कॉलला तर याचा काहीच उपयोग नाही, ते ध्यानात ठेवा.

नंबरसुद्धा खोटा असू शकतो. कॉल परदेशातून, दिसतो मात्र +९१. असे कॉल अडवणारी यंत्रणा सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ला सुरू केली, तर पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडले! बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने नंबर ठरवून दिलेत: खात्याच्या व्यवहाराचा कॉल १६०० पासून, जाहिरातीचा १४० पासून. साध्या दहा आकडी नंबरवरून कोणी "बँकेतून बोलतोय" म्हणाला तर सरळ कट करा.

आता आपल्या घरची गोष्ट, थोडी कडू आहे. ओडिशा-झारखंडचे खलाशी येतात, त्यांना कागदपत्रांची अडचण, म्हणून मालक स्वतःच्या नावावर सिम काढून देतो. कोणाचं सिम बायकोच्या नावावर, कोणाचं वारलेल्या वडिलांच्या. सीनॅपमध्ये तांडेलाने फोन केला तर नाव दिसणार शेठचं. नाव चुकीचं दिसलं तर एकवेळ हसून सोडू, पण खलाशी गावी गेला आणि त्या नंबरवरून फसवणूक झाली तर पोलीस कोणाच्या दारात येणार? ज्याच्या नावावर सिम, त्याच्या.

संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. आपला नसलेला नंबर तिथूनच बंदसाठी कळवता येतो. एकाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा, जेवण झाल्यावर बघू असं नको.

पोर्टल जमत नसेल त्यांनी संध्याकाळी ऑफिसात यावं, मी बसून दाखवतो. ओटीपी मात्र तुमचा तुम्हीच टाकायचा, मलासुद्धा सांगायचा नाही.