चित्रफीत, संगणक आणि मधली तार

अनेक घरांच्या कपाटांत लग्नमुंजींच्या, बारशांच्या लहान लहान चित्रफिती पडून आहेत. १९९५ सालापासून बाजारांत आलेल्या डीव्ही पद्धतीच्या कॅमेऱ्यांनीं तीं चित्रें अंकरूपानें फितीवर उतरविलीं. तीं जशींच्या तशीं संगणकांत न्यावयाचीं, तर चित्राचा ओघ सेकंदाला सुमारें २५ मेगाबिट. आणि १९९६ सालच्या पहिल्या यूएसबीची कमाल मर्यादा अवघी १२ मेगाबिट. चिंचोळ्या नळींतून एवढा ओघ वाहावा कसा?

हें काम फायरवायर नांवाच्या तारेनें केलें. ॲपल कंपनीनें १९८६ सालीं आरंभिलेली ही योजना १९९५ सालीं आयट्रिपलई या संस्थेनें १३९४ या क्रमांकाचें प्रमाण म्हणून मान्य केली. तिचा वेग सेकंदाला ४०० मेगाबिटपर्यंत होता. परंतु नुसता वेग हें तिचें मर्म नव्हे. पत्राचा एखादा तुकडा क्षणभर उशिरां पोहोंचला, तरी अर्थ बदलत नाहीं. चालत्या चित्राचा तुकडा उशिरां आला, तर चित्रच अडखळतें. म्हणून फायरवायर एका सेकंदाचे ८,००० भाग पाडते, आणि प्रत्येक भागांतील चार पंचमांशांपर्यंत वेळ चित्र व ध्वनि यांकरितां राखून ठेवूं शकते. आगगाडींत राखीव जागा असावी, तसाच हा प्रकार होय. शिवाय फीत चालविण्याचा वा उलट फिरविण्याचा हुकूमही त्याच तारेंतून कॅमेऱ्याकडे जातो.

पुढें २००० सालीं यूएसबीची दुसरी आवृत्ति आली. तिचा कागदोपत्रीं वेग ४८० मेगाबिट होता. ती स्वस्त होती आणि जवळजवळ प्रत्येक संगणकावर होती. २०११ सालीं थंडरबोल्टनें १०,००० मेगाबिटांचा पल्ला गांठला. फायरवायर मागें पडली, आणि २०२५ सालच्या मॅकओएस टाहो प्रणालींतून तिचा आधारही काढून टाकण्यांत आला.

तार गेली, पण फिती राहिल्या, हीच खरी अडचण आहे. फितीवरील चुंबकीय लेप काळानें झिजतो, आणि ती वाचणारे कॅमेरेही बंद पडत चालले आहेत. चालू स्थितींतील कॅमेरा आणि फायरवायरचें दार असलेला जुना संगणक हाताशीं आहे, तोंवरच हें काम उरकून घेणें शहाणपणाचें. तासाभराच्या फितीस तासभरच लागतो, आणि सुमारें १३ गिगाबाइट जागा. एवढ्या अल्प कष्टांत आजीचा हसरा चेहरा नातवंडांच्या हातीं सुखरूप पडतो.