दुकान ऑनलाइन (लेखांक ६) : वेबसाइट करणारा निघून गेला तर?

वेबसाइट हवीच का, हा प्रश्न गेल्या आठवड्यात घेतला होता. गूगल मॅपवरची फुकट नोंद आणि व्हॉट्सअॅप बिझनेस एवढ्यावर ज्यांचं भागतंय, त्यांनी आजचा लेखांक सोडून दिला तरी बिघडणार नाही. बाकीच्यांनी वेबसाइट करायचं ठरवलं असेल, तर आता ती कोणाकडून करून घ्यायची ते पाहू.

आपल्याकडे याचं उत्तर बहुधा ओळखीतून येतं. भाच्याचा मित्र असतो, सोसायटीतल्या कुणाचा मुलगा असतो, नाहीतर ज्याने व्हिजिटिंग कार्ड छापून दिलं तोच म्हणतो, "वेबसाइट पण करून देतो की, दादा." माणूस सज्जन आहे अशी खात्री पटली की आपण निर्धास्त होतो. माझ्या मते गफलत इथेच होते. या धंद्यात फसवणारे आहेतच. पण छोटे व्यावसायिक अडकलेले मी पाहिले ते बहुतेक सज्जन माणसांमुळेच. मुलगा दोन-तीन वर्षं हौसेने बाहेरची कामं घेतो, मग त्याला हिंजवडीत नाहीतर बंगळुरूला नोकरी लागते आणि तुमचा फोन घ्यायला त्याला रात्री अकराच्या आधी सवड होत नाही. त्याने काही वाईट केलेलं नसतं. पण तुमच्या वेबसाइटचे सगळे पासवर्ड त्याच्याकडेच राहिलेले असतात. म्हणून माणूस चांगला आहे का, याच्या जोडीने आणखी एक विचारून घ्यावं: हा उद्या नसला तर माझं काय काय अडेल?

एक उदाहरण घेऊ. गुहागरकडे तुमच्या सहा खोल्या आहेत, पर्यटकांना भाड्याने देता. वेबसाइट करणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर कोटेशन धाडलंय: "डोमेन, होस्टिंग, ५ पेजेस, एसईओ, सगळं मिळून १५,०००. दुसऱ्या वर्षापासून एएमसी ५,०००." आकडा बरा वाटतो आणि आपण तो १२ वर येतो का, यातच गुंततो. घासाघीस जरूर करा, पण आधी पहिल्या शब्दावर थांबा.

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते कायमचं विकत मिळत नाही. रजिस्ट्रार कंपनीकडून वर्षाच्या बोलीने घ्यावं लागतं, डॉट कॉम असेल तर एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. नोंदणी करताना 'रजिस्ट्रंट' या रकान्यात ज्याचं नाव पडलं, त्याचं ते डोमेन. पैसे कोणी मोजले, दुकान कोणाचं, याला तिथे किंमत नाही. डिझायनरचं रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं असतं आणि त्यात सगळ्या गिऱ्हाइकांची डोमेन एकाखाली एक लावलेली असतात. तुमचंही तिथेच जातं. यात कपट नसतं, त्याची सोय असते. पण जमिनीचे पैसे आपण द्यायचे आणि सातबाऱ्यावर गवंड्याचं नाव लागायचं, असा हा व्यवहार आहे.

तो निघून गेला की काय होतं? नूतनीकरणाची आठवण करून देणारे ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहतात. मुदत संपते. रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. मग डॉट कॉमसारख्या नावांना ३० दिवसांची आणखी एक संधी असते, पण घसघशीत जादा आकार भरून. तीही हुकली की नाव मोकळं होतं आणि कोणीही उचलू शकतं. अशा नावांवर टपून बसणं हा काहींचा पूर्णवेळ धंदा आहे. रस्त्यावरच्या फलकावर, पावतीवर, पर्यटकाच्या मोबाइलमध्ये तुमचाच पत्ता असतो आणि उघडलं की जुगाराचं पान येतं. नाव परत मिळवायची सोय आहे: डॉट कॉमसाठी यूडीआरपी, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. मात्र दोन्हीकडे त्या नावावर ट्रेडमार्कसारखा हक्क आणि समोरच्याची बदनियत दाखवून द्यावी लागते. शिवाय जिनिव्हाच्या वायपो या संस्थेकडे एका पंचापुढे यूडीआरपीची तक्रार चालवायची साधी फीच १,५०० डॉलर आहे. सहा खोल्यांच्या धंद्याला हे झेपण्यातलं नाही.

यावरचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. रजिस्ट्रारकडे खातं स्वतः उघडा, ईमेल तुमचा, ओटीपीचा मोबाइल तुमचा, पैसे तुमच्या यूपीआयवरून. डिझायनरला काम करण्यापुरता प्रवेश द्या. डोमेन आधीच त्याच्या खात्यात असेल तर त्याच रजिस्ट्रारकडे तुमच्या खात्यात सरकवून घ्या, किंवा त्याच्याकडून 'ऑथ कोड' मागून दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्या. नवं घेतलेलं डॉट कॉम मात्र सहसा पहिले ६० दिवस दुसरीकडे नेता येत नाही. कोणाच्या नावावर आहे ते 'हूइज' या डोमेनच्या जाहीर नोंदीत पाहू, असं म्हणाल तर २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाल्यापासून तिथे बहुतेकांची नावं झाकलेली असतात. खातं उघडूनच पाहावं लागतं.

माणसाची पारखही इथेच होते. "डोमेन मी माझ्या खात्यातून घेतो, चालेल ना?" असं सहज विचारा. चांगला कारागीर म्हणेल, "उलट बरंच झालं, माझ्या डोक्याचा ताप वाचला." आणि "काका, ते टेक्निकल असतं, तुम्हाला नाही जमायचं," असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्यावा.

एसईओबद्दल, म्हणजे गूगलच्या शोधात वर दिसण्याच्या खटपटीबद्दल, लांबण लावत नाही. गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगतं. ती हमी देणारा एक तर अडाणी असतो, नाहीतर आपल्याला अडाणी समजत असतो.

'५ पेजेस' बहुधा वर्डप्रेसवर तयार थीम लावून होतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वर्डप्रेस २००३ पासून फुकट आणि खुलं आहे आणि ते सांभाळणारी माणसं गल्लोगल्ली मिळतात, म्हणजे एक गेला तर दुसरा सापडतो. घोळ होतो तो चोरीच्या थीममुळे. विकतची थीम फुकटात मिळवली की तिच्यात अनेकदा कोणीतरी छुपा कोड घुसवून ठेवलेला असतो. हे ओळखायची युक्ती आहे. डिझायनरने आधी केलेल्या वेबसाइट मागा आणि गूगलमध्ये इंग्रजी 'साइट' हा शब्द, त्याला लागून कोलन आणि जागा न सोडता त्या वेबसाइटचा पत्ता टाका. त्या वेबसाइटची गूगलला माहीत असलेली पानं दिसतील. मिठाईच्या दुकानाच्या पानांमध्ये कॅसिनोच्या जाहिराती किंवा जपानी अक्षरं दिसली, तर तिथे भलताच कोणी शिरलाय आणि सांभाळणाऱ्याला पत्ता नाही. मग त्याच दुकानाच्या मालकाला फोन लावा. वेबसाइट आवडली का, असं विचारून काही कळत नाही, सगळे हो म्हणतात. "भाव बदलायचा असला तर कोण बदलतं आणि किती दिवस लागतात?" हे विचारा.

मराठी मजकूर हवा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. छापखान्याच्या कामातून आलेल्या बऱ्याच जणांची सवय अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटची असते. तो मजकूर वेबसाइटवर तसाच डकवला की अक्षरांचा कचरा दिसतो, म्हणून ते त्याचं चित्र करून लावतात. चित्र डोळ्यांना छान दिसतं, पण गूगलच्या शोधात ते मराठी मजकुराची जागा घेऊ शकत नाही. मोबाइलवर त्या वाक्यावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही, तर बहुधा ते चित्रच आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता यांसारखे देखणे फाँट फुकट उपलब्ध असताना हा आळस का चालवून घ्यायचा, मला कळत नाही.

आता कागदाचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक गंमत आहे. पैसे देऊन खोल्यांचे फोटो काढून घेतले तर, वेगळा करार नसल्यास, त्या फोटोंचे पहिले मालक तुम्ही. वेबसाइटचा कोड मात्र कायद्याच्या लेखी साहित्यकृतीत मोडतो आणि बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतला तर तो त्याचाच राहतो. हक्क तुमच्याकडे येण्यासाठी लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर तो पाचच वर्षांचा धरला जातो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. वकील लावायची गरज नाही, पण कोटेशनखालीच चार ओळी हव्यात: या कामासाठी लिहिलेल्या कोडचे आणि रचनेचे सर्व हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर कायमचे, जगभरासाठी गिऱ्हाइकाकडे जातील, आणि थीम-प्लगइनचे परवाने गिऱ्हाइकाच्या नावावर घेतले जातील. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, पाच हजारांत काय काय येतं, बॅकअप किती दिवसांनी आणि कुठे ठेवला जातो, हेही तिथेच लिहून घ्या.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा टप्पा हातात ठेवा आणि तो द्यायच्या दिवशी त्याला समोर बसवा. डोमेन, होस्टिंग (वेबसाइट जिथे ठेवलेली असते ती जागा) आणि वर्डप्रेसचा अॅडमिन, तिन्हीकडे तुमच्याच फोनवरून लॉगिन करा, पासवर्ड बदला, बॅकअपची एक प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. मग त्याने हात न लावता, तुम्ही स्वतः एका खोलीचं भाडं बदलून पाहा. नवा आकडा वेबसाइटवर दिसला की पैसे पाठवा.