गुरुजींची बदली झाल्यावर

महाराष्ट्रातल्या पुरस्कारप्राप्त सरकारी शाळा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या म्हटलं की पहिली अडचण हायस्कूलपाशीच येते. आपल्याकडे हायस्कूल म्हणजे 'संस्थेचं'. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या आणि इतरांच्या संस्थांनी गावोगाव माध्यमिक शाळा उभ्या केल्या, पगार सरकारने दिला, कारभार संस्थेकडे राहिला. जिल्हा परिषदेची हायस्कुलं मराठवाड्यात आणि विदर्भात भेटतात, पण बाकी राज्यात झेडपीची शाळा बहुतेक ठिकाणी चौथीला नाहीतर सातवीला संपते. त्यामुळे गेल्या दहा वर्षांत सरकारी शाळांना मिळालेल्या मानसन्मानांचा मागोवा घेताना प्राथमिक शाळांचीच नावं हाताला लागतात. तेरा-चौदा वर्षांचं पोर त्या शाळेतून केव्हाच बाहेर पडलेलं असतं.

सुरुवात २०१५ पासून करू. त्या वर्षी २२ जूनला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. शिक्षण सचिव नंदकुमार होते आणि त्यांच्या प्रत्येक भाषणात कुमठे बीटचा उल्लेख असे. कुमठे हे साताऱ्यातलं बीट. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या हाताखालच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली होती. मूल स्वतः हाताळून, मोजून, जुळवून शिकेल, अशी वर्गाची मांडणी. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे लागल्या. बघायला आलेले बरेच जण परत जाताना घेऊन गेले ते तळफळे. पुढच्या दोन वर्षांत असंख्य शाळांच्या फरशीवर अंकांचे गोल, बाराखडीचे चौकोन आणि सापशिडी रंगवली गेली. रंगकाम झालं म्हणजे रचनावाद आला, असा समज करून घेणं सोपं होतं. त्याच लाटेत आयएसओ मानांकनाची प्रमाणपत्रं फ्रेम होऊन मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लागली आणि शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघून 'आमचीही शाळा डिजिटल' असे फलक गावोगाव झळकले.

तरीही कुमठ्याला मी या सगळ्या दशकात वरचं स्थान देईन. ते अमुक एका गुरुजींच्या शाळेचं यश नव्हतं. ते बीटचं होतं, म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या अनेक शाळांचं. एक शिक्षक बदलून गेला तरी शेजारच्या शाळेत तीच पद्धत चालू असे आणि नव्याला दाखवणारं कोणीतरी हाताशी असे. पुढे ज्या शाळा गाजल्या, त्यांच्या बाबतीत हे म्हणता येत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी घ्या. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले तेव्हा ती वाडीवरची साधी झेडपी शाळा होती. गावाने जमीन दिली, लोकवर्गणीतून आणि देणग्यांतून काचेच्या भिंतींच्या वर्गखोल्या झाल्या. मोठी मुलं लहानांना शिकवू लागली. इंग्रजी शाळेची पिवळी बस सोडून पालक आपली मुलं झेडपीत घालायला रांगेत उभे राहिले, प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. हे चित्र महाराष्ट्राने याआधी फारसं पाहिलेलं नव्हतं. २०१८ मध्ये राज्याने आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून पहिल्या १३ शाळांना 'ओजस' म्हटलं, त्यांत वाबळेवाडी होती. सरकार बदललं आणि ते मंडळच गुंडाळलं गेलं. मग देणग्यांच्या व्यवहारावरून आरोप झाले, चौकशी लागली, वारे निलंबित झाले. आपल्याकडे झेडपीच्या गुरुजीने पाच रुपयांचा खडू कमी घेतला तरी लेखापरीक्षणात निघतो. लोकवर्गणीचे लाखो रुपये हाताळण्यासाठी मात्र त्याला ना लेखनिक असतो, ना कसली तयारी. हे आरोपांचं समर्थन म्हणून मी म्हणत नाही. पण गावाच्या पैशावर शाळा उभी करा असं सांगणारी व्यवस्था तो पैसा कसा सांभाळायचा हे शिक्षकावरच सोपवून मोकळी होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीची गोष्ट जगाला माहीत आहे. रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, रक्कम दहा लाख डॉलर, आणि त्यांनी त्यातली निम्मी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना राज्याच्या पुस्तकांपर्यंत पोचली. पुढे अमेरिकेतल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी रजा, हजेरीची चौकशी आणि २०२२ मध्ये राजीनामा अशा बातम्या आल्या. कोण बरोबर, कोण चूक, यात शिरत नाही. लक्षात घ्यायचं ते इतकंच की बक्षीस शिक्षकाला होतं. शाळेचं नाव मागून आलं.

मग आलं सरकारचं 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे शाळांच्या स्पर्धेचं अभियान. १ जानेवारी २०२४ ला पहिला टप्पा सुरू झाला. सरकारी शाळांचा एक गट, बाकी सगळ्या व्यवस्थापनांचा दुसरा. राज्यात पहिल्या शाळेला ५१ लाख, आणि तालुक्यापर्यंत खाली उतरत जाणारी बक्षिसं. सरकारी गटात वाशिम जिल्ह्यातल्या साखऱ्याची झेडपी शाळा पहिली आली. विदर्भातल्या एका खेड्यातल्या शाळेने पुण्या-मुंबईकडच्या महापालिकांच्या शाळांना मागे टाकलं, ही बातमी मला मनापासून आवडली होती. गुणांची विभागणी मात्र बघण्यासारखी होती: १०० पैकी ६० विद्यार्थी केंद्रित उपक्रमांना, ४० शाळा व्यवस्थापनाच्या उपक्रमांना. मुलाला वाचता येतं का, याला स्वतंत्र रकाना नव्हता. मुख्यमंत्र्यांच्या शुभेच्छापत्रासोबत सेल्फी काढून अपलोड करायची ती धावपळ याच काळातली. त्याच वर्षी दुसरा टप्पा झाला तेव्हा गुण १५० झाले आणि त्यांतले ४३ शैक्षणिक संपादणुकीला मिळाले. सुधारणा झाली हे मान्य करायला हवं.

गुण द्यायला समिती येते तो दिवस ज्याने झेडपीच्या शाळेत पाहिला आहे त्याला बाकी सांगावं लागत नाही. फाटकापासून रांगोळी, लेझीम, पाहुण्यांना फेटे. परसबागेतल्या मेथीला सकाळीच पाणी घातलेलं. उपक्रमांच्या फायली रंगीत कागदात बांधून टेबलावर, प्रत्येकीत तारखेसह छापलेले फोटो. केंद्रप्रमुख दोन दिवस आधीपासून तिथेच. समितीतले एक साहेब चौथीतल्या एका मुलीला फळ्यावर भागाकार घालतात. मुलगी हुशार असते, कारण पुढच्या बाकावर तीच बसवलेली असते. मग शेरेबुकात 'अत्यंत प्रेरणादायी' लिहिलं जातं आणि गाड्या पुढच्या शाळेकडे निघतात. या शिक्षकांना मी हसत नाही. गुण फाईलला असतील तर माणूस फाईलच करणार.

शहरांची वाट वेगळी. लंडनच्या टी-फोर एज्युकेशनने २०२२ मध्ये 'जगातील सर्वोत्तम शाळा' ही स्पर्धा सुरू केली. पहिल्याच वर्षी पहिल्या दहा शाळांच्या यादीत पिंपरी-चिंचवड महापालिकेची बोपखेलची शाळा होती, पुढच्या वर्षी मुंबई महापालिकेची शिंदेवाडीची. दोन्ही आकांक्षा फाउंडेशन या संस्थेच्या सोबतीने चालणाऱ्या. इमारत महापालिकेची, शिक्षकांची निवड आणि प्रशिक्षण संस्थेचं. वाबळेवाडीशी यांची तुलना करायची तर आधी हा फरक सांगायला हवा. इथे एक शिक्षक गेला तर दुसरा तयार करून देणारी यंत्रणा आहे. झेडपीच्या शिक्षकाच्या मागे बदलीचं पोर्टल आहे.

आणि त्या पोर्टलमुळे नव्हे, पण निलंबनानंतरच्या फेऱ्यातून वारे गुरुजी २०२२ मध्ये खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला आले. पट तीनवर आलेला. तीन वर्षांत तो शंभराच्या पुढे गेला. पुन्हा तेच, गावाचा हात, वयाची सरमिसळ करून केलेले गट, एकमेकांना शिकवणारे विषयमित्र, शिवाय परकीय भाषा नि यंत्रमानव. ऑक्टोबर २०२५ मध्ये टी-फोरचा 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कार या शाळेला मिळाला. हा पुरस्कार जगभरच्या लोकांच्या मतांवर ठरतो, हेही नोंदवून ठेवावं. मतदान आपल्या लोकांना चांगलं जमतं.

जालिंदरनगरचा तीनचा पट मला पुरस्कारापेक्षा जास्त विचारात पाडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा साडेचौदा हजारांहून जास्त निघाल्या. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे नमुने पुढे ठेवले गेले. तीन मुलांची वाडीवरची शाळा त्या यादीत सहज बसली असती, आणि बसवणाऱ्याला कोणी दोषही दिला नसता. एखाद्या शाळेचा पट का घसरला, मुलं कुठे गेली, ती परत येण्यासारखी आहेत का, हे प्रश्न त्या यादीत नव्हते.

वारे यांच्या या दोन शाळांमुळे एक गोष्ट आपल्याला आयती तपासता येते. माणूस तोच, गावं दोन. जालिंदरनगर उभं राहिलं, म्हणजे पद्धत दुसऱ्या गावी नेता येते. पण ती नेली त्याच माणसाने. दुसऱ्या कोणी नेऊन दाखवली तरच तिला पद्धत म्हणायचं, नाहीतर ते त्या माणसाचं कसब. कुमठ्यात हे निदान काही काळ घडलं होतं, आणि तिथे ना ५१ लाख होते ना डॉलर.

पुढच्या स्पर्धेचे निकष कोणी लिहायला घेतले तर माझी एकच मागणी आहे. पाच वर्षांपूर्वी बक्षीस मिळालेल्या शाळांचा वेगळा गट करावा. समितीने न सांगता जावं. तेव्हाचे शिक्षक आता कुठे आहेत ते विचारावं, आणि तिथून चौथी-सातवी होऊन बाहेर पडलेली मुलं आज संस्थेच्या हायस्कुलात नववी-दहावीत काय करताहेत ते पाहावं. प्रत्येक मुलाचा क्रमांक सरल आणि यू-डायस या सरकारी नोंदप्रणालींत नोंदलेला आहेच. त्यासाठी रांगोळी काढावी लागणार नाही.